प्लग बदलून अ‍ॅव्हरेज वाढतं का?

राज्यात पेट्रोल सर्वांत महाग कुठे, या प्रश्नाचं उत्तर गेली अनेक वर्षं बहुतेक वेळा परभणी असंच आलं आहे. 2021 च्या मे महिन्यात मुंबईत साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली ती 29 तारखेला; परभणीत त्याच महिन्याच्या पूर्वार्धात ती ओलांडून झाली होती. याचं जे कारण नेहमी सांगितलं जातं ते साधं आहे. इथलं इंधन येतं मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, सुमारे 300 किलोमीटरवरून, टँकरने. आणि त्या टँकरचं भाडं शेवटी लिटरच्या भावात मिसळतं. परभणी-मानवत पट्ट्यातल्या पेडगावसारख्या गावात हा भाव केवळ मोटारसायकलवाल्याला लागत नाही. सोयाबीन, कापूस, तूर मोंढ्यात नेणारी, परतताना खत, सिमेंट किंवा पेंड आणणारी पिकअप हे इथल्या शेतमालाचं पहिलं वाहन झालं आहे. तिचं अ‍ॅव्हरेज लिटरमागे एका किलोमीटरने घसरलं तर ते शेवटी क्विंटलच्या भाड्यात उतरतं. म्हणून ‘अ‍ॅव्हरेज कसं वाढवायचं’ ही चौकशी इथे हौसेची नाही. अडचण उत्तरात आहे. गॅरेजमध्ये आणि स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं सर्वांत सोपं उत्तर म्हणजे ‘भारीतला प्लग टाका’. हे उत्तर तपासायला हवं. या लेखाचं म्हणणं असं की स्पार्क प्लग अ‍ॅव्हरेज वाढवत नाही; तो बिघडला की अ‍ॅव्हरेज खातो. या दोन गोष्टींतला फरक कळला की प्लग निवडणंही सोपं होतं आणि खरं इंधन कुठे जातं तेही दिसू लागतं.

पहिली छाननी गाडीचीच करावी लागते, कारण गावातल्या बऱ्याच पिकअपना स्पार्क प्लग नसतोच. महिंद्राची बोलेरो पिकअप असो की 2005 साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, या गाड्यांनी ग्रामीण वाहतूक व्यापली ती डिझेलच्या जोरावर. डिझेल इंजिनात ठिणगीची गरज नसते. तिथे हवाच सोळा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. त्यात जो प्लग असतो तो हिटर प्लग. थंडीत सकाळी इंजिन चालू होताना सिलिंडर तापवून देणं एवढंच त्याचं मुख्य काम. तो खराब झाला तर गाडी सकाळी उठायला त्रास देईल, पांढरा धूर टाकेल, पण दुपारी मोंढ्याच्या वाटेवर तिच्या अ‍ॅव्हरेजवर त्याचा फारसा परिणाम दिसणार नाही. स्पार्क प्लगचा प्रश्न छोट्या मालवाहू गाड्यांत मोठ्या प्रमाणावर आला तो 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे प्रदूषण नियम लागू झाल्यावर. छोटं डिझेल इंजिन त्या नियमांत बसवणं महाग पडू लागलं. मारुतीने सुपर कॅरीचं डिझेल बंद करून ती पेट्रोल आणि सीएनजीवर नेली, टाटाने एस पेट्रोलमध्ये आणला, पुढे इंट्रामध्ये पेट्रोल-सीएनजी दोन्हीवर चालणारी पिकअप दिली. डिझेलवर हात बसलेल्या मिस्त्रीसमोर आणि मालकासमोर प्लग आला तो असा, आणि त्याच्याबरोबर त्याच्याविषयीचे समजही आले.

प्लगचं काम नेमकं काय, हे पाहिल्याशिवाय त्याच्या दाव्यांचं वजन करता येत नाही. 1902 मध्ये जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड याने जास्त दाबाची वीज तयार करणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला. सव्वाशे वर्षांत सुधारणा खूप झाल्या, तत्त्व बदललं नाही. दोन टोकांमधल्या मिलिमीटरभर फटीतून हजारो व्होल्टची ठिणगी उडते आणि दाबलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटतं. ठिणगीची ऊर्जा अत्यल्प असते. गाडी ओढणारी ताकद इंधनातून येते. मिश्रण एकदा नीट पेटलं की ते किती महागड्या टोकाने पेटवलं याच्याशी पिस्टनला देणंघेणं नसतं. उलट ठिणगी कमजोर पडली, कधी पेटलं कधी नाही असं झालं, तर नुकसान मात्र पुरेपूर होतं. चार सिलिंडरच्या गाडीत एक प्लग चुकू लागला तर पाव इंजिन अडतं. दोन सिलिंडरच्या पेट्रोल एसमध्ये निम्मं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला तापवतं आणि तो भाग निकामी झाला तर प्लगच्या कितीतरी पट खर्च येतो. ‘गाडी मिसिंग करते’ ही तक्रार म्हणूनच ताबडतोब ऐकायची असते. पण मिसिंग नसलेल्या, नीट चालणाऱ्या इंजिनात प्लग बदलून पाच-दहा टक्के अ‍ॅव्हरेज वाढेल असं कोणी सांगत असेल, तर ते वाढणार कुठून, हे त्याने सांगितलं पाहिजे.

मग निवड कशी करायची? सर्वांत महत्त्वाची गोष्ट धातूची नसून उष्णतेची आहे, आणि दुकानात हीच गोष्ट सर्वांत कमी विचारली जाते. प्लगचं टोक चालताना साधारण 450-500 अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे, म्हणजे त्यावर बसणारी काजळी जळून जाते. आणि 850 अंशांच्या आसपास त्याने थांबलं पाहिजे, नाहीतर ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागतं आणि पिस्टन धोक्यात येतो. टोकाची उष्णता इंजिनच्या हेडकडे किती वेगाने जाते यावर प्लग ‘गरम’ की ‘थंड’ हे ठरतं. ओझं घेऊन उन्हाळ्यात चालणाऱ्या इंजिनाला आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या इंजिनाला सोसणारी श्रेणी कंपनीने हिशेब करूनच दिलेली असते. घोळ होतो तो आकड्यांमुळे. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवरचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर तसाच शोधणं म्हणून चुकीचं ठरतं. याशिवाय आटे किती लांब, टोक किती बाहेर, आत रेझिस्टर आहे की नाही, हेही क्रमांकातच लिहिलेलं असतं. रेझिस्टर नसलेला प्लग आजच्या संगणकनियंत्रित इंजिनात बसवला तर त्याच्या विद्युत गोंगाटाने सेन्सर गडबडतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला क्रमांक, त्याच कंपनीचा किंवा तिच्या अधिकृत तक्त्यातला पर्याय, आणि पुस्तिकेत दिलेला गॅप, म्हणजे टोकांमधली फट, एवढं पाळलं तर प्लग निवडण्याचं बहुतांश काम संपतं.

राहिला धातू. साध्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं आणि आत तांब्याचा गाभा. महागात प्लॅटिनम आणि इरिडियम. निकेल 1455 अंशांना वितळतं, प्लॅटिनम 1768 ला, इरिडियम 2400 च्याही वर. म्हणून इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक करता येतं, बारीक टोकावर कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते आणि ते झिजतही सावकाश. साधा प्लग वीस-तीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो, तर चांगला इरिडियम लाखाच्या जवळ जाऊ शकतो. हे फायदे खरे आहेत, पण ते टिकण्याचे आहेत. ज्या मालकाला दर वर्षी प्लग पाहणं जमत नाही त्याने इरिडियम घेतलं तर तो शहाणपणाचाच व्यवहार आहे. कारण झिजलेल्या निकेल प्लगवर वर्षभर चालवलेली गाडी इंधन खाते. यावर नेहमीचा आक्षेप असा येतो की ‘आम्ही टाकला आणि फरक पडला, हे खोटं कसं?’ अनुभव खोटा नसतो, त्याची तुलना चुकलेली असते. नवा इरिडियम आणि गॅप फाकलेला जुना निकेल यांची ती तुलना असते. तिथे नवा निकेल टाकला असता तरी जवळपास तेवढाच फरक दिसला असता. शिवाय प्लग बदलायला गेलेल्या गाडीची त्याच दिवशी हवा भरली जाते, फिल्टर झटकला जातो, चालकही आठवडाभर जपून चालवतो. श्रेय मात्र एकट्या प्लगला मिळतं.

सीएनजीच्या गाडीत मात्र प्लगकडे जास्त लक्ष हवं, आणि इथे ‘भारीतला टाका’ या सल्ल्यात काही तथ्य सापडतं. मिथेन आणि हवेचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे टोकं लवकर झिजतात, गॅप वाढला की कॉइलवर ताण येतो, आणि चढावर किंवा भरल्या गाडीत मिसिंग सुरू होतं. काही कंपन्या सीएनजी गाडीसाठी वेगळा प्लग किंवा कमी गॅप सांगतात. बाहेरून किट बसवलेल्या जुन्या गाडीत मिस्त्रीला हे विचारूनच घ्यावं. पेट्रोलवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं होतं की मूळ इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज 20 टक्के मिश्रणावर 6-7 टक्क्यांनी घटू शकतं; त्यासाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांत घट एक-दोन टक्क्यांची. म्हणजे एखाद्या जुन्या पेट्रोल पिकअपचं अ‍ॅव्हरेज गेल्या काही वर्षांत थोडं उतरलं असेल तर त्याचा दोष प्लगमध्ये शोधून सापडणार नाही. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात इथेनॉलला विरोध करणं हा या मांडणीचा हेतू नाही; उसाच्या पैशाची एक वाट तिथून जाते. पण गाडीमालकाला ही घट स्पष्ट सांगितली गेली पाहिजे.

गॅरेजमधल्या दोन सवयींविषयी बोलायला हवं, कारण चांगला प्लगही त्यांनी वाया जातो. पहिली म्हणजे प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवून ठिणगी पाहण्याची. उघड्या हवेत काही हजार व्होल्टमध्येही निळी ठिणगी उडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात तिला त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. बाहेर ठणठणीत दिसणारा प्लग ओझ्याखाली आत दगा देऊ शकतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत अशा चाचणीने कॉइल किंवा इंजिनाच्या संगणकाला (ईसीएम) इजा होते ती वेगळीच. दुसरी सवय पॉलिश पेपरने किंवा तारेच्या ब्रशने टोक घासण्याची. त्याने चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर धातूचे बारीक ओरखडे राहतात आणि वीज फटीऐवजी त्या वाटेने निसटते. इरिडियमचा गॅप तर बळाने फाकवूच नये, बारीक टोक मोडतं. त्याऐवजी काढलेला प्लग वाचायला शिकणं फार मोलाचं आहे. फिकट तपकिरी टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातं आहे किंवा हवा कमी. तेलकट काळं म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे पाहायला हवं. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे इंजिन तापतं आहे, किंवा श्रेणी चुकली आहे. काजळी दिसली आणि नवा प्लग टाकून गाडी सोडून दिली, तर तोही महिन्याभरात काळा होतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या सल्ल्यानुसार निकामी ऑक्सिजन सेन्सर दुरुस्त केला तर अ‍ॅव्हरेजमध्ये 40 टक्क्यांपर्यंत सुधारणा होऊ शकते, आणि एकूण ट्युनिंग नीट केलं तर सरासरी 4 टक्के. आपल्याकडे हा सेन्सर तपासण्याआधी दोन-दोन वेळा प्लग बदलले जातात.

हे सगळं पडताळायचं तर मोजमाप लागतं, आणि अ‍ॅव्हरेजच्या गप्पांत नेमकं तेच नसतं. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या चक्रावर काढलेला असतो. पुण्याची एआरएआय असे आकडे प्रमाणित करते. गाड्यांची आपसात तुलना करायला तो उपयोगी पडतो. मोंढ्याच्या वाटेवर पोती लादलेल्या गाडीचा तो आकडा नव्हे. आपला आकडा आपणच काढायचा असतो. एकाच पंपावर टाकी पूर्ण भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा पूर्ण भरताना लिटर आणि किलोमीटर लिहायचे, आणि अशा चार-पाच टाक्यांची सरासरी घ्यायची. दोनशे-पाचशे रुपयांचं टाकून काढलेलं अ‍ॅव्हरेज हे अनुमान असतं. एका टाकीवर निर्णय करणंही चुकीचं, कारण भाडी बदलतात, वारा बदलतो, पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर चाकं रुततात आणि तीच गाडी उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पळते. नवा प्लग टाकण्याआधीची चार टाक्यांची वही नसेल तर नंतरच्या आनंदाला पुरावा म्हणता येत नाही.

अशी वही ठेवली की इंधन कुठे जातं ते हळूहळू उघड होतं. पहिलं खातं वेगाचं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताडपत्रीने उंच केलेली पिकअप तर भिंत घेऊन पळत असते. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, म्हणजे पीसीआरए, मोटारींवरच्या चाचण्यांचा दाखला देऊन वर्षानुवर्षं सांगत आली आहे की ताशी 80 ऐवजी 45 ते 55 च्या वेगाने 40 टक्क्यांपर्यंत जादा अंतर कापता येतं. प्रत्यक्ष ओझ्याखाली आकडा बदलेल, दिशा बदलणार नाही. यावर चालकाचा आक्षेप रास्त आहे: हळू गेलो तर मोंढ्यात नंबर मागे पडतो, दिवसाचं एक भाडं जातं. पण परभणी-मानवतसारख्या छोट्या अंतरात 75 ऐवजी 55 ने गेल्यास वेळ वाढतो तो मिनिटांचा, आणि त्याहून जास्त वेळ मापासाठीच्या रांगेत जातो, तोही पुष्कळदा इंजिन चालू ठेवून. दुसरं खातं हवेचं. पीसीआरएच्याच हिशेबाने टायरमधली हवा पाव भागाने कमी असली तर इंधन 5 ते 10 टक्के जास्त लागतं आणि टायरचं आयुष्य पाव भागाने घटतं. मागच्या चाकांची हवा ओझ्याप्रमाणे पाहण्याची सवय कमी आहे आणि त्यासाठी खर्च जवळजवळ शून्य आहे. घासणारे ब्रेक, बिघडलेलं अलाइनमेंट, सरकणारा क्लच ही खाती छोटी, पण रोजची. समजा एखादी पिकअप वर्षाला 24,000 किलोमीटर धावते आणि लिटरला 12 देते. तिला 2,000 लिटर लागतात. त्यातले पाच टक्के म्हणजे 100 लिटर. एवढी बचत केवळ हवा आणि वेग सांभाळून होऊ शकते, आणि डिझेल गाडीलाही होते.

ओझ्याचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्यात लिटरला किलोमीटर हे मापच अपुरं पडतं. समजा 15 क्विंटल लादल्यावर गाडी 11 चं अ‍ॅव्हरेज देते आणि साडेसात क्विंटलवर साडेबाराचं. 30 किलोमीटरसाठी पहिल्या फेरीला 2.7 लिटर लागले, दुसरीला 2.4. अ‍ॅव्हरेज दुसरीचं चांगलं, पण क्विंटलमागे इंधन पहिलीला 0.18 लिटर आणि दुसरीला 0.32. म्हणून परवानगीइतकं पूर्ण ओझं ही बचतच आहे. ‘मग आणखी चार पोती टाकली तर आणखी बचत’ हा तर्क मात्र तिथेच थांबवावा लागतो. मर्यादेपलीकडे ब्रेक लागत नाहीत, कमानपाटे आणि टायर झिजतात, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. खरी गळती रिकाम्या परतीची. मोंढ्यातून मोकळी येणारी गाडी दिवसाचे निम्मे किलोमीटर कोणाच्याही कामाशिवाय कापते. गावातल्या तीन-चार मालकांनी आपसात बोलून परतीचं खत-पेंडीचं भाडं वाटून घेतलं तर जो फायदा होईल तो कुठल्याही सुट्या भागातून मिळणारा नाही.

बाजारातल्या बाकी उपायांबद्दल थोडक्यात. इंधनाच्या नळीला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, हवा फिरवणाऱ्या चकत्या यांपैकी शंभराहून अधिक वस्तू अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तपासल्या आणि अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारी एकही आढळली नाही. एअर फिल्टरचं सत्यही दोन तोंडांचं आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये दाखवलं की नव्या इंजेक्शनच्या पेट्रोल मोटारींत तुंबलेल्या फिल्टरने अ‍ॅव्हरेज जवळपास घटत नाही, गाडीचं वेग घेणं मात्र मंदावतं. तरी आपल्या धुळीत फिल्टर बदलायचाच, तो इंजिन वाचवण्यासाठी. बीएस-6 डिझेलवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ज्या गाड्यांत धुराची काजळी अडवणारा डीपीएफ आहे, त्यांत ती काजळी जाळायला जादा डिझेल खर्च होतं. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या आणि उभ्याने चालू इंजिन यांनी तो लवकर भरतो. अधूनमधून सलग लांब पल्ला मिळाला तर तो स्वतःच साफ होतो.

आता एक मागणी. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत. शेतमाल वाहणाऱ्या पिकअपचं इथल्या रस्त्यावर, इथल्या ओझ्याने, हवेच्या वेगवेगळ्या दाबांवर आणि वेगांवर मोजमाप करून तो तक्ता मराठीत प्रत्येक मोंढ्यात लावणं या संस्थांना अवघड नाही. राज्यात सर्वांत महाग इंधन घेणाऱ्या जिल्ह्याचा तो हक्कही आहे. तोवर पेट्रोल किंवा सीएनजीच्या पिकअपमालकाने पुस्तिकेतला क्रमांक घ्यावा, पक्क्या बिलावर घ्यावा, डब्यावरचं नाव आणि प्लगवरचं कोरीवकाम ताडून पाहावं, आणि महागड्या प्लगसाठी काढून ठेवलेल्या पैशांतून आधी हवेच्या दाबाचं एक चांगलं मीटर आणि एक वही आणावी.